जवसाएवढा थेंब

९ ऑगस्ट १९५४, सोमवार

साहेबानं वही देली. समोरून त्याच्या कामाचे आकडे लिहायचे. मागून माझं. मागून माझं आहे हे त्याले माहीत नाई. प्रौढ वर्गाचे गुरुजी म्हणत, गुणाबाई, रोज चार ओळी लिहा, नाई त अक्षर विसरसाल. त्याले दोन वर्षं झाली, चार ओळी झाल्या नाई. आजपासून रोज. एक दिवस खाडा नाई.

मी सावलीच्या डाकबंगल्यावर झाडझूड अन् सैपाक करते. मलेरियावाल्यांचा हरकरे साहेब नागपुराहून आला. वय सव्वीस, चष्मा, आंगावर मास नाई. पितळेचे चोवीस नोझल आणले. नोझल म्हणजे फवाऱ्याच्या पंपाच्या नळीचं तोंड. चांगलं कोणतं, झिजलं कोणतं, हे पाहायचं, अन् त्यासाठी त्यातून निघणारे थेंब मोजायचे. सरकार थेंब मोजते हे मले आज समजलं. साहेब म्हणे, मोजायले कोणी सावकाश बसणारं माणूस पाहिजे. मी म्हटलं मी आहे. शंभरापर्यंत पक्कं येते. पुढं चिंचोके मांडीन.

मी उगाच नाई पुढं झाली. बारा नोझल पास झाले की पार्टी गावोगाव डीडीटी मारायले निघणार. वैनगंगेच्या पलीकडं, हिवरटोल्यात माझी कमळा आहे. पाचवा महिना. मागल्या साली सातव्यात माहेरी आणली, दिवाळीत ताप भरला, पोटातलं गेलं. माझ्याच घरात. तवापासून तिची सासू रुखमा तिले पाठवत नाई. म्हणते, इहीनबाई, तुमच्या घराले नाव नाई ठेवत, पण पोरगी आता इथीच राहीन. नाव नाई ठेवत म्हणते अन् ठेवते.

म्हून दिवाळीच्या आधी हिवरटोल्यात फवारा झाला पाहिजे. मी करवून घेते. बारा नोझल म्हणजे काय, बारा दिवसाचं बी काम नाई.

११ ऑगस्ट

काल लिहिलं नाई. काल गिनतीत धरायचा नाई, काल सगळे काचा वेचत होते.

साहेबानं थेंब धरायले काचेच्या पट्ट्या आणल्या होत्या. मूल गावच्या टेसनापासून बैलबंडीत आल्या, अर्ध्या तिथीच फुटल्या, राहिलेल्या बिरजूनं उतरवताना फोडल्या. बिरजू म्हणजे पंप मारणारा. साहेब डोकं धरून ओट्यावर बसला. मी म्हटलं, साहेब, हळदीले चुना लागला की काय होते? तो म्हणे, लाल होते. मी म्हटलं, मंग कागदाले हळद फासा, पंपात औषधाच्या जागी चुन्याची निवळी भरा. थेंब पडन तिथी लाल डाग. तो उठला, इंग्रजीत काहीतरी म्हणाला. चांगलंच असन.

हे कोणत्याही बाईले माहीत आहे. साहेबाच्या कॉलेजात बाया नसतीन.

तशी थेंबाची मले जन्माची पारख आहे. सडा माझ्यासारखा सावलीत कोणी टाकत नाई. अख्खं आंगण, एक जागा कोरडी नाई, एका जागी डबकं नाई. साहेबाले सांगतलं. त्यानं मान हालवली.

१२ ऑगस्ट

पहिलं नोझल. खांबाले हळदीचा कागद, दीड हातावर बिरजू, साहेबाच्या हातात घड्याळ. साहेब हो म्हणते, बिरजू फवारते, बस म्हणते, थांबते. कागद ओला असतानाच माझ्या टेबलावर. भिंगातून डाग मोजायचे. सांजेपर्यंत डाग फिके पडतात, म्हून आजचं काम आजच.

साहेबाच्या मापाचं नाव माझ्या तोंडात बसत नाई. मी माझी मापं केली. तूर, जवस, खसखस. तुरीएवढा थेंब जड, भिंतीवरून ओघळते. खसखशीएवढा हवेत तरंगते अन् बिरजूच्या नाकात जाते. जवसाएवढा भिंतीले चिकटते. साहेब म्हणे, जवस पाहिजे. आता तो बी जवसच म्हणते. रिपोर्टात मात्र लिहीत नाई.

एक गोष्ट पटली नाई. म्हणे डाग पसरते, खरा थेंब त्याच्याहून लहान, म्हून भागाकार करायचा. मी म्हटलं, डोळ्यानं दिसते ते खोटं अन् भागाकार खरा? तो म्हणे, हो. शिकलेल्या माणसाशी कोण बोलणार.

तंबाखूशिवाय माझं मोजणं होत नाई. डाव्या हातावर घ्यायची, बोटानं चुना लावायचा, मळायची, दोन फटके मारायचे, दाढेत धरायची. मंग डोळा बसते. आज पाच वेळा बार भरला. काम कठीण आहे.

१३ ऑगस्ट

एक, दोन, तीन. तिन्ही फेल. खसखस भरमसाट. तीही सगळी उजव्या कोपऱ्यात. साहेबानं नोझल फिरवून पाह्यलं, कागद फिरवून पाह्यला. कोपरा उजवाच.

दोष बिरजूचा. वाकडा उभा राहते. मी तोंडावर सांगतलं. तो म्हणे, मावशी, मी सरळ आहो, तुमचा डोळा वाकडा. त्याच्याशी बोलणं बंद.

१४ ऑगस्ट, राखीपोर्णिमा

डोंगेवाला डोमा हिवरटोल्याहून आला. कमळाचा निरोप, आई, बरी आहो, चिंता करू नोको. चिंता करू नोको म्हणते म्हणजे काहीतरी आहे. डोमाले खोदून विचारलं. म्हणे, पोरगी ठीक आहे, पण टोल्यात मच्छर एवढे आहेत का सैपाक करताना भाजीत पडतात.

साहेबाले गाठलं. म्हटलं, बारा पास झाल्याबरोबर पहिली पार्टी हिवरटोल्यात. आत्ता बोला. तो म्हणे, बाई, गावं चांद्याच्या कचेरीतून ठरतात. मी म्हटलं, तुमची भाजी बी मी ठरवते. तो हसला, म्हणे, पोळ्याच्या आत बारा झाले त पहिलं नाव हिवरटोल्याचं टाकतो.

पोळ्याले चौदा दिवस. नवस बोलली. माता मायच्या पुढं उभं राहून सांगतलं, बारा नोझल पास होईपर्यंत तंबाखूले हात लावणार नाई. डबी कोनाड्यात ठेवली. कमळासाठी एवढंही नाई करणार का मी?

बिरजूले दोन भाकरी वाढल्या. आज सण म्हून बोलली.

१६ ऑगस्ट

डोकं फुटून राह्यलं. साहेब म्हणे चहा घ्या. चहा काय करन.

चार, पाच, सहा, तिन्ही पास! सगळा जवस. उजव्या कोपऱ्यात एक खसखस नाई. साहेबानं बिरजूची पाठ थोपटली. बिरजूची काऊन? नवस माझा.

१८ ऑगस्ट

सात पास. आठ पास. पाच झाले, सात राह्यले. या हिशेबानं सोमवारी संपते.

साहेबावर ओरडली. कारण आठवत नाई. त्यानं काही मनावर घेतलं नाई, मंग त्याच्यावरही ओरडली.

१९ ऑगस्ट, दुपार

डबी फक्त पुसायले काढली होती. कोनाड्यात धूळ बसते.

१९ ऑगस्ट, सांज

नऊ, दहा, अकरा. तिन्ही फेल. खसखस, उजवा कोपरा.

माता माय डोळे उघडे ठेवून बसली आहे. मले वाटलं होतं एका बारानं काय होते. तीन बार झाले, तीन नोझल फेल. एका बाराले एक नोझल. एवढा चोख हिशेब चांद्याच्या कचेरीतही नसन.

उद्या नारळ. आजपासून पक्कं बंद.

२० ऑगस्ट

नारळ फोडला. तंबाखू नाई. बारा अन् तेरा पास. सात झाले.

आता शंकाच नाई. मी नवस पाळला की नोझल चांगलं, मोडला की वाईट. साहेब भागाकार करत बसते. खरं कारण माझ्याजवळ आहे. सांगत नाई. शिकलेल्या माणसाले एकदम धक्का देऊ नये.

२१ ऑगस्ट

पाऊस. फवारा बंद. बसून काय करायचं, म्हून साहेबाले म्हटलं, एकदा माझ्या हाताचा थेंब बी मोजून पाहा. नोझलापेक्षा चांगला निघाला त सरकारचं पितळ वाचन. बिरजू पोट धरून हसला. साहेबानं मात्र पडवीत कागद लावला. मी निवळीत हात बुडवला अन् सडा टाकते तसा टाकला.

साहेबानं स्वतः मोजलं. जवस शून्य. तूर अकरा. बाकीचे त्याच्या मापात नाई, बिरजू म्हणे ते कवठाएवढे आहेत. अर्धी निवळी बिरजूवर गेली.

कागद उभा होता म्हून. सडा जमिनीवर टाकतात. ही टेस्ट धरायची नाई.

२३ ऑगस्ट, सोमवार

कमळाच्या शेजारणीले थंडीताप. डोमानं सांगतलं. चार घरं सोडून बी नाई, भिंतीले भिंत.

म्हटलं हो का. डबी काढली. मले माहीत होतं काय करून राह्यली आहो. हात ऐकत नाई. दिवसभर हात ऐकला नाई.

चौदा, पंधरा, सोळा, सतरा, अठरा. पाचही फेल. खसखस एवढी की माझे चिंचोके संपले, मंग तुरीचे दाणे मांडले. साहेबानं चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढून पुसला. म्हणे, बाई, ही बनावटच खराब दिसते, नागपूरले तार करावी लागन.

तार कायले? बोकड कबूल केला. माझ्याजवळ बोकड नाई. पाहू.

२५ ऑगस्ट

तंबाखू नाई. एकोणीस पास. आठ झाले.

साहेब तार लिहीत बसला होता. नोझल सारे बदलून द्या, असं. नवे येईपर्यंत दिवाळी होईन. मंग मी सांगून टाकलं. म्हटलं, साहेब, तुमच्या पितळेचा दोष नाई. दोष माझा. तंबाखूचा नवस मोडला की नोझल फेल होते. सोळाले पाळला, पास. एकोणीसले मोडला, फेल. तेवीसले पुरा मोडला, पाचही फेल. वही काढून पाहा.

मले वाटलं हसन. हसला नाई. वहीच्या मागचं माझं पान पाह्यलं. आपली पानं पाह्यली. मंग माझ्या हाताकडं पाह्यलं. म्हणे, बाई, तुम्ही तंबाखू कुठी बसून मळता? मी म्हटलं, टेबलाजवळ, आणखी कुठी. तो म्हणे, कागद समोर असते? मी म्हटलं, असतेच.

तार फाडली. मी जिंकली.

२६ ऑगस्ट

जिंकली नाई.

सकाळी साहेबानं हळदीचा कोरा कागद साध्या पाण्यानं ओला करून माझ्यासमोर ठेवला. नोझल नाई, पंप नाई, बिरजू दाराबाहेर. म्हणे, बाई, आज तंबाखू खा. मी म्हटलं नवस आहे. तो म्हणे, पाप माझ्यावर. मंग खाल्ली. साहेबाची आज्ञा. मळली, फटके मारले, दाढेत धरली.

साहेबानं कागद भिंगाखाली घेतला. उजव्या कोपऱ्यात लाल लाल खसखस. त्यानं मोजायले लावलं. एकशे तेरा. म्हणे, नोझलाशिवाय एकशे तेरा थेंब, बाई.

फटक्यानं चुना उडते. उडून ओल्या हळदीवर बसते. अकरा नोझल फेल झाले, ते माझ्या हातानं.

मी म्हटलं, तरी नवस मोडला हे खरंच. तो म्हणे, हो, ते बी खरं. ओरडला असता त बरं झालं असतं. त्यानं सगळे कागद गोळा केले, अन् मले म्हणे, आज सैपाकाले काय आहे.

बिरजूले दारातून सारं ऐकू आलं. म्हणे, मावशी, पंप माझ्या पाठीवरून काढून घ्या, तुमचा हातच लावू नळीले.

२८ ऑगस्ट, पोळा

चांद्याहून माणूस आला. आठ नोझल पास आहेत त आठच घेऊन पार्टी भद्रावतीकडं निघाली. आणखी थांबता येत नाई, म्हणे. हिवरटोला दुसऱ्या फेरीत. दुसरी फेरी कधी? नदी उतरल्यावर. नदी कधी उतरते? तो म्हणे, ते नदीले विचारा.

साहेबानं आपल्याकडून बोलून पाह्यलं. मी पडवीतून ऐकत होती. त्यानं सांगतलं, मोजण्यात माझी चूक झाली. माझी म्हणाला. त्याची.

बैल सजून गावातून फिरले. मी पाह्यले नाई.

३१ ऑगस्ट

एका बाजूनं विचार केला त काम माझ्यामुळंच नीट झालं. मी नवसाचं सांगतलं नसतं त साहेब बसला असता तार करत. चूक माझी, पण चूक सापडली बी माझ्यापाशीच. दुसरी बाई असती त दाबून ठेवली असती.

तंबाखू आता नवसासाठी नाई, रागानं सोडली.

६ सप्टेंबर

साहेब आता स्वतः मोजते. मी हळद फासते. टेबलाजवळ जायचं नाई. फेल झालेले अकरा अन् राह्यलेले पाच, असे सोळा नोझल घेतले, तीनच खरोखर झिजलेले. म्हणजे तेरा चांगले इथी पेटीत पडून आहेत अन् पार्टी नाई. आधी पार्टी होती, नोझल नव्हते.

हळद अशी फासते की कागदावर ब्रशाची रेघ दिसत नाई. साहेब म्हणे, एकसारखी आहे. हे त्यानं रिपोर्टात लिहायले पाहिजे.

राग गेला होता म्हून थोडी तंबाखू खाल्ली. विहिरीजवळ जाऊन.

१४ सप्टेंबर

नदी भरून. डोंगा बंद. निरोप नाई.

१९ सप्टेंबर

नदी भरून.

२३ सप्टेंबर

डोमा आला. शेजारणीचा पोरगा बी पडला तापानं. कमळा बरी आहे. खुशाल, माझा जावई, कडुनिंबाचा धूर करते सांजेले. पोरगी त्या धुरानंच मरन.

साहेबासमोर उभी राह्यली. म्हटलं, तुमच्या पेटीत तेरा आहेत, मले एक द्या, पंप द्या, औषध द्या, मी जाते अन् मारते. तो म्हणे, बाई, ते विषारी आहे. मी म्हटलं, मी बी आहो. मंग रडू आलं. रडायचं नव्हतं. साहेब उठून आत गेला, अन् चिठ्ठी लिहून आणली. दुसऱ्या फेरीत पहिलं गाव हिवरटोला, नोझल नंबर वीस, मी स्वतः मोजलेलं, खाली त्याची सही. उद्या तो नागपूरले चालला. जाण्याआधी भिंग अन् ही वही मले देली. म्हणे, वाचायले कामी येईन.

पायावर डोकं ठेवावं असं वाटलं. वयानं माझ्या पोरासारखा आहे, म्हून नाई ठेवलं. दोन डब्बे चिवडा बांधून देला.

७ ऑक्टोबर, दसरा

नदी उतरून राह्यली. पार्टी चांद्याहून निघाली, असं बिरजूचं म्हणणं. बिरजू बी त्यांच्यात. त्याच्याशी गोड बोलते आहो. तेल नसलेलं वांगं त्याले चालत नाई, त तेलात बुडवून वाढलं.

१२ ऑक्टोबर

झालं! हिवरटोला झाला! काल पार्टी डोंग्यानं गेली, आज परत आली. एकवीस घरं. कमळाचं घर बिरजूनं स्वतः मारलं, माझ्यापुढं शपथ घेऊन गेला होता. म्हणे, मावशी, असा मारला की तुमच्या जवसाशिवाय दुसरा थेंब नाई. रुखमानं सारी मडकी स्वतः आंगणात काढली.

एवढं काम कोणी केलं? हळद कोणाची? चिठ्ठी कोणी आणवली? नागपूर, चांदा, सावली, सगळे मिळून जे दोन महिन्यात झालं नाई ते एका बाईनं केलं. रुखमाले आता दिसलं असन कोणत्या घरची पोरगी आहे.

दिवाळीले जाते. पोरीच्या घरी आई जात नाई. मी जाते.

२२ ऑक्टोबर, हिवरटोला

कमळा पाहून जीव थंड झाला. सातवा आहे. पोट छान. आंग गार.

पण घर! भिंतीवर पांढरे पांढरे डाग, जसं कोणी ताक शिंपडलं. कोपऱ्यात ओघळ. दिवाळी चार दिवसावर अन् एका भिंतीले हात लावला नाई. रुखमाचं घर त दिवाळीच्या आठ दिवस आधीच सारवलेलं असते, मले माहीत नाई का? यंदा काऊन नाई? पोटुशी सून आहे म्हून? का तिची आई येणार म्हून?

कमळाले विचारलं. म्हणे, आई, फवारेवाले सांगून गेले, भिंत सारवायची नाई, औषध आहे. मी म्हटलं, मले सांगते! औषध कोणी मोजलं? जवसाएवढा थेंब भिंतीले चिकटला की चिकटला, साहेबाच्या तोंडून ऐकलं आहे. तो भिंतीच्या आंगात गेला. वर राह्यला तो नुसता डाग.

रुखमाले निमित्त पाहिजे होतं.

२४ ऑक्टोबर

रुखमा अन् खुशाल मासोळी घेऊन चामोर्शीच्या बाजाराले गेले. सांजेले येतीन.

पहाटे उठली. शेण, माती, वरून पांढऱ्या मातीचा हात. आतल्या चारही भिंती, कमळा झोपते ती खोली आधी. कमळा मागं मागं, आई नोको, आई नोको. तिले आंगणात बसवली. पोटुशीनं उभं राहू नये.

दुपारी संपलं. हात सोलून निघाले. भिंती अशा झाल्या की बोट फिरवलं त रेघ लागत नाई. एक डाग नाई. आता दिवाळी म्हणा.

२४ ऑक्टोबर, सांज

रुखमा दारात उभी राह्यली. डोक्यावरची टोपली खाली नाई ठेवली. सगळं पाह्यलं. मले वाटलं भांडन. मी तयार होती.

म्हणाली, इहीनबाई, मी बारा दिवस हात बांधून बसली होती. गावातल्या बायका हसून गेल्या मले, रुखमाच्या भिंतीले कोड फुटलं म्हून. तरी बसली.

मंग टोपली ठेवली अन् उरलेली मासोळी साफ करायले बसली.

मी म्हटलं, औषध आत आहे. ती खवले काढत राह्यली. खुशाल कडुनिंबाचा पाला आणायले गेला.

२६ ऑक्टोबर, दिवाळी

बिरजू आला. पार्टी पलीकडल्या गावात आहे, घरं तपासत फिरते. दारातूनच, मावशी, फराळ काढा. आत आला अन् भिंतीजवळ उभा राह्यला.

भिंतीवर बोट फिरवलं. बोट पाह्यलं. मी म्हटलं, चिकटलं आहे, आत आहे. तो म्हणे, हो मावशी, आत आहे. पण मच्छर वर बसते. औषधावर बसला की मरते. आता त्याच्या अन् औषधाच्या मधात तुमचं सारवण आहे.

मी म्हटलं, मंग पुन्हा मार. तो म्हणे, औषध मोजून भेटते, या गावाचं संपलं. पुढली फेरी जेठात. मी म्हटलं, साहेबाले चिठ्ठी लिहिते. तो म्हणे, लिहा.

जेठ म्हणजे मे महिना. कमळाचे दिवस पौषाच्या आधी भरतात.

फराळ तसाच राह्यला. तो जाताना रुखमाच्या पाया पडला, माझ्या बी पडला. हसला नाई, चिडवलं नाई. बिरजूनं चिडवायले पाहिजे होतं.

२७ ऑक्टोबर

साहेबाले चिठ्ठी लिहिली. तीनदा फाडली. काय लिहायचं? थेंब जवसाएवढाच होता, साहेब, तुमची काही चूक नाई.

डोमाजवळ देली.

२९ ऑक्टोबर

उपाय सापडला. सारवण वरून चढलं, त वरून उतरवता येते. खुरपं घेतलं. कमळाच्या खोलीपासून सुरू केलं. हळूहळू, पापुद्रा पापुद्रा. खाली पांढरं दिसलं की थांबायचं. भिंग डोळ्याले लावून पाहते. संयमाचं काम आहे, पण मले जमते.

कमळाले बाहेर झोपवायचं म्हटलं त बाहेर आणखी मच्छर.

३० ऑक्टोबर

रुखमानं सकाळी दुसरं खुरपं घेतलं अन् माझ्या शेजारी बसली. दिवसभर दोघी खरवडून राह्यलो.

सारवण निघते. पण खाली थांबत नाई. औषध बी त्याच्यासंगच निघते, अन् खालची जुनी माती लागते. भिंगातून पाह्यलं. माती. दुसऱ्या भिंतीले पाह्यलं. माती.

रुखमाले सांगतलं नाई. तिनं बी विचारलं नाई. दोघी खरवडतच होतो.

३१ ऑक्टोबर, रविवार, सांज

कमळाचं कपाळ आज थोडं कोमट लागलं. रुखमा म्हणते, चुलीजवळ बसली होती म्हून असन.

चुलीजवळ बसली होती म्हून. मी बी तसंच लिहून ठेवते.